लायबेरियाचा ट्रू व्हिग पक्ष : मुक्तीपासून मालकीपर्यंत

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती त्यांनी अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जे निवेदन गेले होते, त्याची प्रत त्यांना हवी होती. १९७२ साली मुंबईतील आपल्या तरुणांनी संघटना काढली आणि तिचे नाव थेट 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. काळ्या माणसाशी आपले नाते असे शंभर वर्षांचे आहे आणि ते भावनेचेही आहे.

परंतु या नात्यात एक अपुरेपणा राहून गेला आहे. काळ्या माणसाचा इतिहास आपण वाचला तो त्याच्या सोसण्याचा आणि लढण्याचा. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसाला कोठे स्वतःचे राज्य मिळाले काय, आणि मिळाले तर त्याने त्या राज्याचे काय केले, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. ज्यांना उद्या सत्ता हवी आहे त्यांनी तो विचारलाच पाहिजे. आणि त्याचे उत्तर शोधायला कल्पनेची गरज नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहून थोडा मोठा असा लायबेरिया नावाचा देश आहे. अमेरिकेतून आलेल्या मुक्त काळ्यांनी तो उभा केला. त्यांच्या ट्रू व्हिग पक्षाने १८७८ पासून १९८० पर्यंत, म्हणजे १०२ वर्षे, तेथे अखंड राज्य केले. जगातील फार थोड्या पक्षांना इतकी सलग सत्ता मिळाली आहे. ती कशी मिळाली, कशी टिकली आणि कशी गेली, हे या लेखात पाहायचे आहे.

वसाहत कोणी वसवली?

डिसेंबर १८१६ मध्ये वॉशिंग्टन येथे 'अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी' स्थापन झाली. स्थापनेच्या सभेचा अध्यक्ष होता हेन्री क्ले. हा केंटकीचा पुढारी स्वतः गुलामांचा मालक होता. संस्थेत काही धर्मनिष्ठ, दयाळू माणसे होती, तशीच गुलामांचे मालकही होते. दोघांचे एका गोष्टीवर एकमत होते : गुलामगिरीतून सुटलेला काळा माणूस अमेरिकेत नको. दयाळूंना वाटे, येथे त्याला मान मिळणार नाही. मालकांना वाटे, मोकळा काळा माणूस डोळ्यांसमोर वावरला तर आपले गुलाम बिघडतील. उपाय दोघांचा एकच होता, त्याला आफ्रिकेत पाठवा. स्वतः मुक्त काळ्यांचे मत मात्र वेगळे होते. जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियातील बेथेल चर्चमध्ये हजारो काळे जमले आणि त्यांनी या योजनेला कडाडून विरोध केला. आमच्या घामाने उभा राहिलेला हा देश आम्ही का सोडावा, हा त्यांचा सवाल होता. गावाने घाण काढून घ्यायची आणि वस्ती मात्र गावाबाहेर ठेवायची, हा न्याय ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो सवाल समजावून सांगायला नको.

तरीही १८२० साली पहिले जहाज निघाले. डिसेंबर १८२१ मध्ये अमेरिकी आरमाराचा अधिकारी रॉबर्ट स्टॉकटन आणि सोसायटीचा प्रतिनिधी एली एअर्स यांनी केप मेसुराडो येथील जमीन मिळवली. स्थानिक राजा पीटर जमीन द्यायला नाखूश होता. स्टॉकटनने पिस्तूल रोखून त्याला तयार केले. मोबदला म्हणून बंदुका, दारू, तंबाखू, मणी असा सुमारे ३०० डॉलरांचा माल दिला गेला. त्या जागी वसलेल्या गावाला १८२४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मनरो यांच्यावरून 'मनरोव्हिया' हे नाव पडले. आज ती देशाची राजधानी आहे.

आलेल्यांचे हाल झाले. १८२० ते १८४३ या काळात ४,५७१ माणसे उतरली. १८४३ च्या शिरगणतीत त्यांपैकी १,८१९ जिवंत होती. बाकीच्यांपैकी अनेकांना हिवतापाने नेले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. पुढे जे लोक जुलमी म्हणून आपल्यासमोर येणार आहेत, त्यांच्या आजोबांनी कोणत्या किमतीला ती भूमी धरून ठेवली होती, हे विसरता कामा नये. त्यांच्यापैकी अनेकांना 'आफ्रिकेत जात असाल तरच सोडतो' या अटीवर मालकांनी मुक्त केले होते.

'आम्ही' म्हणजे कोण?

२६ जुलै १८४७ रोजी लायबेरिया स्वतंत्र प्रजासत्ताक झाला. व्हर्जिनियात जन्मलेला जोसेफ जेंकिन्स रॉबर्ट्स हा पहिला राष्ट्राध्यक्ष. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'आम्ही मूळचे अमेरिकेचे रहिवासी' अशा अर्थाचे शब्द आहेत. राष्ट्राच्या मुद्रेवर किनाऱ्याकडे येणारे जहाज आहे आणि ब्रीद आहे, 'स्वातंत्र्याच्या प्रेमाने आम्हांला येथे आणले.' ब्रीद सुंदर आहे, पण त्यातला 'आम्ही' तपासून पाहावा लागतो. क्रू, ग्रेबो, बासा, व्हाय, क्पेले, गिओ, मानो, क्राहन अशा जमाती त्या भूमीवर आधीपासूनच राहत होत्या. त्यांना कोणी आणले नव्हते. शेकडा पाचांच्याही आत असलेल्या वसाहतकऱ्यांनी 'आम्ही' म्हटले आणि शेकडा पंचाण्णव त्या शब्दाबाहेर राहिले.

राज्यघटनेने ही गोष्ट कायद्यात बसवली. नागरिकत्व फक्त काळ्यांना, असे कलम तिने घातले. गोऱ्याच्या भयापोटी ते आले होते आणि ते भय खोटे नव्हते. पण मताचा हक्क स्थावर मालमत्ता असलेल्या पुरुष नागरिकालाच होता. जमातींची जमीन सामाईक असे. कोणाच्या नावावर कागद नसे. म्हणजे ज्याच्या पायाखाली पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन होती तो भूमिहीन ठरला आणि ज्याच्याकडे कागद होता तो मतदार झाला. जमातींच्या माणसांना १९०४ साली नागरिक म्हणून मान्यता मिळाली. मताचा हक्क मिळायला १९४६ उजाडावे लागले, आणि तोही झोपडी-कर भरणाऱ्यांपुरताच.

या कायद्यामागे एक दृष्टी होती. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवर ज्यांनी मालकाचा वाडा बाहेरून पाहिला होता, त्यांनी आफ्रिकेत तसेच खांबांचे, पडव्यांचे वाडे बांधले. उन्हाळ्यातही उंच टोपी आणि शेपटीचा कोट घालून ते समारंभांना जात. इंग्रजी भाषा, ख्रिस्ती धर्म आणि हा वेष ज्याच्याकडे तो 'सुसंस्कृत', बाकीचे 'नेटिव्ह'. मालकाने त्यांच्यासाठी जो शब्द वापरला होता तोच त्यांनी दुसऱ्यासाठी वापरला.

पक्षाचा जन्म

खुद्द वसाहतकऱ्यांतही उतरंड होती. मनरोव्हियातील व्यापारी घराणी बहुतांशी मिश्रवर्णी, म्हणजे गोऱ्या मालकाचे रक्त अंगात असलेली, उजळ रंगाची. रॉबर्ट्स हा त्यांचाच. त्यांचा रिपब्लिकन पक्ष आरंभीची वीस वर्षे सत्तेवर होता. सेंट पॉल नदीकाठचे शेतकरी रंगाने काळे. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रातच सोडवून येथे उतरवलेले काही हजार आफ्रिकी लोक होते; त्यांना 'काँगो' म्हणत आणि त्यांचे स्थान त्याहून खाली. सर्वांच्या तळाशी जमाती. बाबासाहेबांनी 'पायरीपायरीची विषमता' असे ज्याचे वर्णन केले, तिचाच हा आफ्रिकी नमुना. वरच्याचा जाच सोसणारा आपल्या खालच्याकडे पाहून समाधान मानतो आणि म्हणून जिना कोणी पाडत नाही.

१८६९ साली नदीकाठच्या क्ले-ॲशलँड गावी ट्रू व्हिग पक्ष स्थापन झाला. उजळ रंगाच्या व्यापाऱ्यांच्या मक्तेदारीविरुद्ध काळ्या शेतकऱ्यांचा हा पक्ष. म्हणजे आरंभी हा बंडखोरांचाच पक्ष होता. पण 'व्हिग' हे नाव अमेरिकेतील पक्षाचे आणि त्या अमेरिकी पक्षाचा मोठा पुढारी हेन्री क्ले. गावाचे नावही त्याच क्लेचे आणि त्याच्या 'ॲशलँड' या मळ्याचे. गुलामांच्या मालकाच्या नावाने वसलेल्या गावात, त्याच्याच पक्षाचे नाव घेऊन, सुटलेल्या गुलामांनी आपला पक्ष काढला.

या पक्षाचा एडवर्ड जेम्स रॉय हा ओहायोत जन्मलेला श्रीमंत व्यापारी. जानेवारी १८७० मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. त्याला रस्ते, शाळा हव्या होत्या. त्यासाठी १८७१ मध्ये लंडनहून एक लाख पौंडांचे कर्ज काढले गेले. व्याज ७ टक्के, त्यातील तीन वर्षांचे आधीच कापून घेतलेले. देशाच्या हाती फारच थोडी रक्कम आली. त्यातच रॉयने आपली दोन वर्षांची मुदत वाढवण्याचा प्रयत्न केला. ऑक्टोबर १८७१ मध्ये विरोधकांनी त्याला पदावरून खेचून तुरुंगात घातले. पुढे लवकरच तो मेला. त्याच्या मृत्यूच्या हकिगती वेगवेगळ्या सांगितल्या जातात. रॉबर्ट्स पुन्हा सत्तेवर आला.

त्याच वर्षी एडवर्ड विल्मट ब्लायडेनवर जमावाने हल्ला केला आणि गळ्यात दोर अडकवून त्याला मनरोव्हियाच्या रस्त्यांतून ओढले. ब्लायडेन हा त्या काळचा थोर काळा विद्वान. आतल्या भागातील जमातींना बरोबरीने घेतल्याशिवाय हा देश उभा राहणार नाही, असे तो सांगत असे. तो जीव वाचवून सिएरा लिओनला गेला. जमातींशी बरोबरी मागणारा आवाज राजधानीबाहेर गेला आणि पक्षांचे भांडण तेवढे उरले.

१८७७ च्या निवडणुकीत अँथनी गार्डिनर विजयी झाला आणि जानेवारी १८७८ मध्ये ट्रू व्हिग पक्ष पुन्हा सत्तेवर आला. यानंतर १९८० पर्यंत तो उतरला नाही. रिपब्लिकन पक्ष हळूहळू विरघळून गेला. त्याची घराणी याच पक्षात आली. काळ्या आणि उजळ रंगातील वैर असे मिटले. पण ते मिटले ते दोघांच्या खाली जो होता त्याच्या पाठीवर.

सत्तेचे यंत्र

शंभर वर्षे एकच पक्ष निव्वळ बंदुकीवर टिकत नाही. या पक्षाच्या टिकण्याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण पोटाचे. वसाहतकरी कॉफी आणि ऊस पिकवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्राझीलच्या कॉफीपुढे लायबेरियाची कॉफी बाजारात उभी राहीना. मळे ओस पडले. मग घराण्यांना उत्पन्नाचे एकच साधन उरले : सरकारी पद. ज्यांचे पोट पदावर चालते त्यांना निवडणूक हरणे परवडत नाही. पद पक्षाकडून मिळे आणि सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षनिधी कापला जाई. राज्य पक्षाला पोसत होते आणि पक्ष राज्यातील माणसांना.

दुसरे कारण घराण्यांचे जाळे. मंत्री, न्यायाधीश, सेनेटर, चर्चचा बिशप आणि फ्रीमेसन मंडळाचा प्रमुख हे एकमेकांचे व्याही, मेहुणे, साडू असत. पक्षाच्या सभेत जे ठरे ते आधी जेवणाच्या मेजावर ठरलेले असे.

तिसरे कारण जमातींच्या प्रमुखांचे. १९०४ नंतर राष्ट्राध्यक्ष आर्थर बार्कले याने आतल्या भागात त्या प्रमुखांमार्फत राज्य करण्याची रीत घातली. प्रमुखाने झोपडी-कर गोळा करायचा, रस्त्यांसाठी आणि ओझी वाहण्यासाठी वेठीची माणसे पुरवायची. त्या बदल्यात त्याचे प्रमुखपद शाबूत. १९०८ मध्ये उभारलेले 'फ्राँटियर फोर्स' हे सैन्य कर थकला की गावात शिरे. गावचा पाटील आणि वेठ, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

चौथे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. जमातीतील मुले वसाहतकऱ्यांच्या घरी 'पाल्य' म्हणून ठेवत. ती घरकाम करीत, पाणी भरीत; नशीब असेल तर शाळेत जात आणि घरमालकाचे आडनाव घेत. त्यांतली काही शिकली, पदांवर चढली. पण चढायचे तर आपले नाव, भाषा, देव दाराबाहेर ठेवून. हुशार मुलाला वाट मिळे, त्यामुळे जमातीचा संताप पुढारी मिळण्याआधीच पोरका होई.

शाळेतही हेच शिकवले जाई. १८२२ साली जमातींनी वसाहतीवर हल्ला केला तेव्हा माटिल्डा न्यूपोर्ट नावाच्या बाईने आपल्या चिलमीतील निखाऱ्याने तोफ डागून त्यांना उडवले, अशी एक आख्यायिका आहे. तिच्या नावाने १ डिसेंबरला १९१६ पासून सार्वजनिक सुट्टी असे आणि तो प्रसंग वठवला जाई. त्या दिवशी जमातीतील पोराने आपल्याच पूर्वजांच्या मरणाचा उत्सव करायचा. इतिहासाचे पुस्तक कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न म्हणूनच भाकरीइतका महत्त्वाचा असतो.

सुटलेल्यांच्या राज्यात गुलामगिरी

१९२६ मध्ये अमेरिकेची फायरस्टोन रबर कंपनी आली. दहा लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांचा भाडेपट्टा, एकरी ६ सेंट भाडे. सोबत ५० लाख डॉलरांचे कर्ज, ७ टक्के व्याजाने. जमीन जमातींची, सही पक्षाची.

१९२७ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष चार्ल्स किंग याच्याविरुद्ध थॉमस फॉकनर उभा राहिला. देशातील मतदार पंधरा हजारांच्या आसपास. किंगला पडलेली मते दोन लाख तीस हजारांहून अधिक. निवडणुकीतील लबाडीचे उदाहरण म्हणून हा आकडा जगभर सांगितला जातो. हरलेल्या फॉकनरने याहून गंभीर गोष्ट चव्हाट्यावर आणली. सरकारातील माणसे जमातींतील पुरुषांना पकडून स्पेनच्या फर्नांडो पो बेटावरील कोकोच्या मळ्यांवर पाठवीत होती आणि दर डोई पैसे घेत होती.

राष्ट्रसंघाने १९३० मध्ये चौकशी मंडळ नेमले. अध्यक्ष ब्रिटिश डॉक्टर कथबर्ट क्रिस्टी. अमेरिकेतर्फे काळे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स एस. जॉन्सन, लायबेरियातर्फे माजी राष्ट्राध्यक्ष आर्थर बार्कले. मंडळाचा निष्कर्ष असा : बाजार भरवून होणारी जुनी गुलामगिरी येथे नाही, पण माणसे गहाण ठेवण्याची चाल आहे, आणि फर्नांडो पोला पाठवण्यासाठी माणसे ज्या रीतीने धरली जातात तिच्यात आणि गुलाम पकडण्यात फरक करणे कठीण आहे. उपराष्ट्राध्यक्ष ॲलन यान्सी याचा त्यात हात होता. डिसेंबर १९३० मध्ये किंग आणि यान्सी दोघांनी राजीनामे दिले. एडविन बार्कले राष्ट्राध्यक्ष झाला. पक्ष होता तेथेच राहिला. क्रू किनाऱ्यावर, जेथल्या लोकांनी चौकशी मंडळापुढे साक्षी दिल्या होत्या, तेथे १९३१ मध्ये फ्राँटियर फोर्स पोहोचले. गावे जळाली. सासटाउनचा प्रमुख जुआ निम्ले १९३६ पर्यंत लढत राहिला.

येथे आपल्या कामाचा एक पेच उभा राहतो. लायबेरियाला दोष देणारे गोरे देश स्वतः वसाहतींत वेठ घेतच होते. काळ्याला राज्य करता येत नाही, हे सिद्ध करायला त्यांना निमित्त हवे होते. अशा वेळी काळ्या विचारवंताने काय करावे? डू बॉइस १९२४ मध्ये अमेरिकेचा खास दूत म्हणून किंगच्या शपथविधीला गेले होते. १९३३ च्या लेखात त्यांनी लायबेरियाचे दोष नाकारले नाहीत, पण भर दिला तो अमेरिकेच्या आणि रबर कंपनीच्या डावावर. जॉर्ज स्कायलर या काळ्या पत्रकाराने तेथे जाऊन १९३१ मध्येच 'स्लेव्हज टुडे' ही कादंबरी लिहिली आणि काळ्या मालकांना मालकच म्हटले. चौकशी मंडळावरील जॉन्सन यांनीही 'बिटर केनन' हा ग्रंथ लिहून ठेवला. तो छापून आला १९८७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी. डू बॉइस यांची भीती खरी होती. पण फर्नांडो पोच्या मळ्यावर राबणाऱ्या क्रू मजुराला त्या भीतीचा काय उपयोग?

टबमनची सत्तावीस वर्षे

१९४४ मध्ये विल्यम टबमन राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९७१ मध्ये मरेपर्यंत राहिला. तो हुशार होता. 'एकीकरण' हे त्याचे धोरण. तो आतल्या भागात फिरला, जमातींचे पोशाख घालून त्यांच्या सभांत बसला, मताचा हक्क वाढवला, स्त्रियांना मत दिले. १९६४ मध्ये आतल्या प्रदेशाचे चार नवे परगणे करून त्यांना किनाऱ्याच्या परगण्यांच्या पंक्तीत बसवले. हे सारे खरे होते. पण मत दिले ते निवड करण्यासाठी नव्हे. डिडो ट्वे हा क्रू जमातीचा, अमेरिकेत शिकलेला माणूस. वेठीच्या व्यापाराविरुद्ध बोलल्याबद्दल पूर्वी त्याला प्रतिनिधिगृहातून काढले होते. १९५१ मध्ये, जमातींचे लोक प्रथमच मतदान करणार होते त्या निवडणुकीत, तो टबमनविरुद्ध उभा राहू पाहत होता. त्याच्या पक्षाला मनाई झाली, त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आला आणि तो सिएरा लिओनला निसटला. टबमन बिनविरोध निवडून आला. जमातीच्या माणसाला मत मिळाले. पण जमातीच्या उमेदवाराला ते देण्याची सोय राहिली नाही.

लोखंडाच्या खाणी निघाल्या, निर्यात वाढली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी देशाची पाहणी करून १९६६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा अर्थ 'विकासाविना वाढ'. सरकारच्या पैशावर हेरांचे जाळे पोसले जात होते. घटनेतील मुदतीची अट टबमनसाठी बदलली गेली. विरोधकाला एकतर पद देऊन गिळायचे, नाहीतर तुरुंगात घालायचे, ही रीत पक्की झाली.

तांदूळ

टबमननंतर विल्यम टॉल्बर्ट आला. बाप्टिस्ट धर्मोपदेशक, वीस वर्षे उपराष्ट्राध्यक्ष. त्याने थोडी मोकळीक दिली. एक भाऊ अर्थमंत्री आणि मोठ्या उद्योगसमूहाचा मालक. दुसरा सेनेटचा प्रमुख. १९७३ मध्ये लायबेरिया विद्यापीठातील तरुण प्राध्यापकांनी 'आफ्रिकेतील न्यायासाठी चळवळ' ही संघटना काढली; टोग्बा-ना टिपोटे आणि ॲमॉस सॉयर हे तिचे पुढारी. बाकस मॅथ्यूज याच्या नेतृत्वाखाली 'प्रोग्रेसिव्ह अलायन्स' उभी राहिली.

१९७९ मध्ये सरकारने १०० पौंड तांदळाच्या पोत्याचा भाव २२ डॉलरांवरून २६ डॉलरांवर नेण्याचे ठरवले. भाव वाढला की शेतकरी शेतीवर टिकेल, हे सरकारचे म्हणणे. लोकांना दिसत होते ते वेगळे : तांदळाच्या धंद्यात सत्ताधारी घराण्याचेच हितसंबंध होते. १४ एप्रिल १९७९ रोजी मनरोव्हियात मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळीबार केला. निदान ४० माणसे मेली, शेकडो जखमी झाली. शेजारच्या गिनीतून सैन्य आणावे लागले. आणि त्याच वर्षी जुलैत आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या परिषदेसाठी याच सरकारने दहा कोटींहून अधिक डॉलर खर्च केले.

सॉयर मनरोव्हियाच्या महापौरपदासाठी स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहिले, तर निवडणूकच पुढे ढकलली गेली. मॅथ्यूजचा पक्ष जानेवारी १९८० मध्ये नोंदला गेला आणि मार्चमध्ये बंदी घालून त्याच्या पुढाऱ्यांना पकडले. मतपेटीची वाट पक्षाने स्वतःच्या हाताने बंद केली.

१२ एप्रिल आणि नंतर

१२ एप्रिल १९८० च्या पहाटे सॅम्युएल डो हा २८ वर्षांचा क्राहन जमातीचा मास्टर सार्जंट सोळा-सतरा सैनिकांसह राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. टॉल्बर्ट मारला गेला. दहा दिवसांनी समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून तेरा अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्यांत ट्रू व्हिग पक्षाचा अध्यक्ष रेजिनाल्ड टाउनसेंड होता, सरन्यायाधीश होता, टॉल्बर्टचा भाऊ होता. जमाव टाळ्या वाजवीत होता. १३३ वर्षांत प्रथमच जमातीतील माणूस राष्ट्रप्रमुख झाला होता. त्या टाळ्यांचा अर्थ मला कळतो. पण टाळ्यांनंतरचा हिशेबही मांडला पाहिजे.

चळवळीतील शिकलेली माणसे आरंभी डोच्या मंत्रिमंडळात गेली आणि एकेक करून बाहेर पडली. डोने क्राहनांना सैन्यात आणि पदांवर भरले. १९८५ च्या निवडणुकीचे निकाल त्याने फिरवले. त्याच वर्षी झालेल्या बंडानंतर गिओ आणि मानो जमातींवर सूड उगवला गेला. अमेरिका त्याला पैसा पुरवीत राहिली. डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलर सीमेवरून आत शिरला तेव्हा त्याला लढायला माणसे मिळाली ती त्याच गिओ-मानोंच्या गावांतून. सप्टेंबर १९९० मध्ये डो मारला गेला. यादवी मधल्या खंडासह २००३ पर्यंत चालली. मृतांचा अंदाज अडीच लाखांपर्यंत सांगितला जातो. २००६ मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्यानंतर २०१८ आणि २०२४ मध्ये मतपेटीतून सत्तांतर झाले. त्या देशाने ही वाट फार महागात विकत घेतली आहे.

१९८० मध्ये खुर्चीवरची माणसे बदलली. खुर्ची, तिच्याभोवतीचे पोटार्थी आणि तिच्यातून विरोधकाला गिळण्याची रीत तशीच राहिली. शंभर वर्षांत पक्षाने दुसरी कोणतीही राजकीय सवय रुजू दिली नव्हती. त्यामुळे तो पडला तेव्हा त्याच्या जागी त्याचीच सवय उभी राहिली.

आपल्यापुरते

तुलना करताना जपले पाहिजे. लायबेरियाचे वसाहतकरी बाहेरून आले आणि त्यांनी दुसऱ्याची जमीन बळकावली. दलितांनी कोणाची जमीन बळकावलेली नाही. त्यांना ती मिळालेलीही नाही. त्यांच्या हाती राज्य कधी आलेच नाही. म्हणून 'बघा, शोषित सत्तेवर आले की असेच होते' असे म्हणून कोणी या इतिहासाचा आधार घेऊ लागला, तर त्याला साफ नकार दिला पाहिजे. लायबेरियाने सिद्ध केले ते एवढेच : सोसलेले दुःख माणसाला आपोआप न्यायी करीत नाही. न्याय हा विचाराने आणि संघटनेच्या शिस्तीने रुजवावा लागतो. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तिन्ही एकत्र धरली, त्याचे कारण येथे दिसते. मनरोव्हियाच्या ब्रीदात स्वातंत्र्य होते. समता आणि बंधुता त्या जहाजातून उतरलीच नाहीत.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. मी आमच्या घरातील पहिला पदवीधर. सही करून पगार घेतो. आईच्या बोलीत वर्गात बोलायला मला अजून संकोच वाटतो. तेव्हा मनरोव्हियाच्या वाड्यातला तो 'पाल्य' मला परका नाही, आणि उंच टोपी घातलेला त्याचा घरमालकही मला पुरता परका नाही. आपल्या सभांत मातंग, ढोर, वाल्मीकी समाजाचा, भटक्या-विमुक्तांचा मुलगा किती निर्धास्तपणे बोलतो? आपली बाई व्यासपीठावर हार घालण्यापलीकडे कशासाठी येते? आपण 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्यात कोण कोण असते? हे प्रश्न विचारले की 'शत्रूच्या हातात कोलीत देऊ नका' असे सांगितले जाते. जॉन्सन यांचे हस्तलिखित ज्या दशकांत अप्रकाशित पडून होते, त्याच दशकांत ट्रू व्हिग पक्ष निर्धास्त राज्य करीत होता.

आपल्यातल्या कोणाच्या वहीत असे काही लिहून पडले असेल, तर ते वेळेवर बाहेर यावे. ते छापण्याचे धैर्य आपल्या नियतकालिकांनी दाखवावे, आणि वाचून लिहिणाऱ्याला फितूर न म्हणण्याचे धैर्य आपण वाचकांनी.